एकवीसचा ड्रॉप

१ तारीख
आजपासून मी बिगिनर नाही. टेकडीवरचा कोच म्हणतो, अजून आहात. त्याला काय कळतंय. उतारावर पेडल सपाट, वजन मागे, नजर लांब. मला सगळं पाठ आहे. फक्त सायकलला पाठ नाही.

४ तारीख
लेक एकवीसला नोकरीसाठी परदेशी निघणार. दोन वर्षं. सायकल तिनेच घेऊन दिली, रिटायर झाल्यावर सोफ्याला चिकटेन म्हणून. ती उतारावरून अशी जाते की बघत राहावं. तिचं जाणं मी मनाला लावून घेतलेलं नाही. सराव वाढवला आहे.

६ तारीख, सकाळी
पार्किंगमध्ये फूटपाथवरून सायकल उतरवली. गुडघा फुटला. बायकोने औषध लावलं, जरा जोरातच चोळून.

९ तारीख
लेक दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, एकवीसला ड्रॉप करशील ना? आपण दोघंच. आईला एवढ्यात सांगू नकोस."
ऊर भरून आला. टेकडीवर कमरेएवढी दगडी पायरी आहे, तिथून सायकलसकट खाली उडी. त्याला सगळे ड्रॉप म्हणतात. विमान रात्रीचं, सकाळ मोकळी. जायच्या दिवशी बापलेक एकामागोमाग! लगेच हो म्हणालो. हिला न सांगणं ओघानेच आलं. कळलं तर दोन्ही टायरची हवा काढेल.

१३ तारीख
कोच म्हणाला, काका, ड्रॉपचं सहा महिन्यांनी बघू. त्याला लेक नाही.

१६ तारीख
लेक दोनदा खोलीत डोकावून गेली. काहीतरी सांगायचं होतं. मी ड्रॉपचे व्हिडिओ बघत होतो. म्हटलं, एकवीसला निवांत बोलू. ती म्हणाली, हो, वाटेत बोलूच. टेकडी चढताना बोलायला दम कुठून आणणार? पण पोरीचा उत्साह मोडवेना.

२० तारीख, सकाळी
रंगीत तालमीला निघालो. जमणारच.

२० तारीख, संध्याकाळी
डाव्या हाताने लिहितोय. पुढचा ब्रेक दाबला. दाबायचा नसतो, हे हवेत असताना आठवलं. उजवा हात प्लास्टरमध्ये.
लेक हॉस्पिटलात धावत आली. म्हणालो, माफ कर, उद्याचा ड्रॉप हुकला.
"बाबा, मी एअरपोर्टचं म्हणत होते. गाडीने सोडशील का म्हणून."
मग हसली. मीही हसलो. आत कुठेतरी तुटलं, ते हातात नव्हे.

२१ तारीख
शेवटी टॅक्सी केली. मायलेकी मागे, मी पुढे. ड्रायव्हरने माझ्या हाताची चौकशी केली आणि मग त्याच्या मेव्हण्याच्या हाताची हकिकत एअरपोर्ट येईपर्यंत पुरवली. आरशात लेक दिसत होती, खिडकीबाहेर बघणारी.
उतरल्यावर हिला ट्रॉली आणायला पाठवलं आणि विचारलं, काय सांगायचं होतं गं?
"राहू दे बाबा. अख्ख्या वाटेचं होतं ते. असं उभ्या उभ्या नाही सांगता येणार."
फोनवर सांग, म्हणालो. तिने मान डोलावली. पण फोनवर ती सांगणार नाही. तेवढं मला कळतं. तोवर ही ट्रॉली घेऊन आलीसुद्धा.
परतताना हिने विचारलं, काय म्हणत होती? काही नाही, म्हणालो. आणि ते खरं आहे.