किती दुखतं ते

बार्शीटाकळी,
कार्तिक वद्य

प्रिय अबोली,

त्या सकाळी नळाला बऱ्याच दिवसांनी पाणी आलं होतं, म्हणून मी घरातलं होतं नव्हतं ते भांडं काढून बसले होते. दोन्ही ड्रम, हंडे, पूजेची कळशी, शेवटी वरणाचं पातेलंसुद्धा. गॅसवर तुरीची डाळ शिजत होती, परातीत ज्वारीचं पीठ काढून ठेवलेलं होतं आणि भाकरी थापायला हात रिकामा होत नव्हता. तुझे बाबा खिडकीच्या गजाला आरसा अडकवून दाढी करत होते. त्यांना कुठल्याशा खेड्यात तेराव्याचे विधी सांगायला जायचं होतं. तू आठवीत असशील. दाराला टेकून त्यांच्याकडे बघत उभी होतीस आणि मध्येच विचारलंस, बाबा, दुखत नाही का? त्यांनी ब्रशाने तुझ्या नाकाला फेस लावला आणि म्हणाले, घाई केली तर दुखतं. तू हसलीस. मी ओरडले, की पाणी वाहून चाललंय आणि बापलेकीचा खेळ काय सुरू आहे.

ही सकाळ मला गेल्या आठवड्यात आठवली. तेव्हा मी त्याच आरशासमोर उभी होते आणि तुझ्या बाबांच्याच रेझरने स्वतःची हनुवटी साफ करत होते. दचकू नकोस, शेवटपर्यंत वाच. फोनवर तू बरं म्हणतेस आणि तू बरं म्हटलंस की विषय संपतो, म्हणून लिहिते आहे. तुझी लेसरची तारीख मार्गशीर्षात आहे हे मला माहीत आहे. त्या दिवसाची तुला किती धास्ती आहे तेही माहीत आहे.

हनुवटीवरचे ते केस तुला माझ्याकडून आले. तुझ्या आजीलाही होते म्हणतात, पण तेव्हा डोक्यावरचा पदर पुढे ओढला की झालं. मी लग्न होऊन इथे आल्यापासून गुलनारकडे जाते. ती दातात दोरा धरून इतकं झरझर काढते, की डोळ्यांतून पाणी यायच्या आत संपलेलं असतं. तुला मी पहिल्यांदा तिच्याकडे नेलं तेव्हा ती काय म्हणाली होती आठवतं? ताई, तुमच्या घरचे केस म्हंजे कापसाच्या पऱ्हाट्या, उपटा तं हातच सोलते. घरी येईपर्यंत तू हनुवटीवरचा हात काढला नाहीस. पुढे तर दर चार दिवसांनी जावं लागायला लागलं, ओठावर, गालावर, गळ्याखाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाळीचं ठीक झालं, केस राहिले. मग तू तोंडाला स्कार्फ बांधायला लागलीस. आपल्याकडे उन्हापायी सगळ्याच पोरी बांधतात, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. मलाही नाही. तू संध्याकाळीसुद्धा तो सोडत नाहीस हे मला उशिरा दिसलं.

धामणगावचे ते लोक तुला बघून गेले आणि मुलाच्या आईने जाता जाता तुझ्या हनुवटीकडे बघून जे विचारलं, त्यानंतर तू लेसर करायचं ठरवलंस असं सगळ्यांना वाटतं. मला तू खरं कारण सांगितलं होतंस. सकाळी दूधवाल्याने कडी वाजवली की आधी आरशात न बघता दार उघडता आलं पाहिजे, एवढंच तुझं म्हणणं होतं. मला ते पटलं. लग्नासाठी म्हणाली असतीस तर मी कदाचित नको म्हटलं असतं.

चैत्रात तू पहिल्यांदा करून आलीस आणि मी विचारलं, दुखलं का गं? तू म्हणालीस, थोडंसं. मी मान हलवली. त्या गोष्टीतलं मला काहीच कळत नव्हतं, मग पुढे विचारणार काय? वाचनालयात त्वचेवरचं एक पुस्तक आहे, ते आणलं. लेसरवर त्यात अर्धं पान. शेवटी लिहिलेलं, किंचित वेदना संभवतात. किंचित म्हणजे किती हे लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं, हे वाचतानाच कळत होतं. सातवीनंतर माझी शाळा सुटली, पण पुस्तकं वाचायचं मी सोडलं नाही, आणि एवढं वाचल्यावर पुस्तक कुठे गप्प बसतं ते समजायला लागतं.

म्हणून नवरात्रात मी अकोल्याला गेले. अमरावतीला तुझ्या दवाखान्यात गेले असते तर तुला कळलं असतं. आदल्या संध्याकाळी गुलनारकडून हनुवटी स्वच्छ करून घेतली. डॉक्टरकडे जाताना आपण अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून जातो, तसंच मला वाटलं. ती डॉक्टर तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने दिवा धरून बघितलं आणि हसायला लागली. म्हणाली, काकू, तुम्ही तर सगळं रान निंदून आलात, आता मी काय काढू? मुळाशी केस असला तरच लेसर त्याला धरतो. दोऱ्याने केस मुळासकट निघतो. महिना-सव्वा महिना दोरा नाही, वॅक्स नाही, चिमटा नाही, आणि यायच्या आदल्या दिवशी ब्लेडने साफ करून या. मी म्हटलं, ब्लेडने? तोंडावर? तिला त्यात काहीच वाटलं नाही.

तो सव्वा महिना मी तुझा जुना निळा स्कार्फ बांधून काढला. गुलनार म्हणाली, काहून वं ताई, या वयात कोनाले दाखवाचं हाय? मी म्हटलं, दाखवायचं नाही, बघायचं आहे. वाचनालयात गेले तर शेषराव विचारतात, कोन पायजे बाई, सभासद हाय का तुमी? वीस वर्षं त्या माणसाच्या हातून पुस्तकं नेते आहे. मला हसू आलं, आणि घरी आल्यावर हसू आलं नाही. तू सहा वर्षं अशीच वावरते आहेस.

मग दिवाळी झाली आणि तो आदला दिवस आला. बाबांचं दाढीचं सामान मी कपाटात वरच्या फळीवर ठेवलं होतं. ब्रशात वाळलेला साबण तसाच होता, दगडासारखा झालेला. तो मी धुतला नाही, दुसरा साबण घेतला. आपल्या घरात विधवेला वस्तरा लागणं म्हणजे काय होतं ते तुला ऐकून माहीत आहे. बाबांच्या भागीरथा आत्यांचं डोकं एकोणिसाव्या वर्षी भादरलं होतं. म्हातारपणी त्या मला एकदाच त्याबद्दल बोलल्या. वस्तरा नाही दुखत गं, म्हणाल्या, दोघीजणी खांदे धरून बसतात ते दुखतं. रेझर हनुवटीला लावताना मला त्या आठवल्या. माझे खांदे कोणी धरलेले नव्हते. मी सावकाश हात चालवला. एक कापलं, बारीकसं.

आता दुखण्याचं सांगते. खरं सांगते. दुखतं. फोडणीत मोहरी तडतडताना तेलाचा थेंब उडून मनगटावर बसतो ना, तसं. फक्त तो एकच थेंब असतो आणि हे एकामागून एक बसत राहतात. हनुवटीवर सोसवतं. ओठावर मात्र जास्त लागतं, नाकात झिणझिण्या येतात आणि आपण रडत नसलो तरी डोळ्यांतून पाणी येतं. ते रडू नाही, तिथल्या नसाच तशा असतात, असं डॉक्टर म्हणाली. डोळ्यांवर काळा चष्मा असतो, त्यामुळे पुढचा फटका कधी येणार ते दिसत नाही, आणि त्यातच माणूस अर्धा थकतो. केस जळाल्याचा वास येतो. तो वास मला सगळ्यात नकोसा झाला. पण अगं, पाच-सहा पोळ्यांना जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सगळं आटोपलं. आणि पुढच्या खेपांना केस विरळ होत जातात तसं दुखणंही कमी होत जातं.

मी तिला सारखं विचारत होते, की हे कमी कसं करायचं. माझ्या मनात बाबा होते. त्या वर्षांत त्यांना लग्नांपेक्षा दहाव्या-तेराव्याचीच बोलावणी जास्त यायची. पोरांचे बाप गेलेले, तिशी-पस्तिशीचे, कर्जापायी जीव दिलेले. दहाव्याला नदीकाठी त्या लहान लहान पोरांची डोकी भादरताना बाबा नत्थुजी न्हाव्याला दरवेळी म्हणायचे, पाणी तरी कोमट घे रे. नत्थुजी कुरकुरायचा, महाराज, इथं कुठं चूल मांडू? मग बाबा घरून थर्मास भरून न्यायला लागले. पूजेच्या सामानात तो थर्मास बघून मी एकदा हसले होते. ते हसले नव्हते. घरी येऊन अंघोळ करायचे आणि न जेवता पडून राहायचे.

तर कोमट पाण्याच्या जागी इथे थंड आहे. डोक्याजवळ गार हवेचा पाइप असतो, तो सुरू करायला सांग. मागितल्याशिवाय कधी कधी लावत नाहीत. प्रत्येक भागाआधी आणि नंतर बर्फाची पिशवी माग. पाळी यायच्या आधीचे दिवस टाळ, तेव्हा कातडी नाजूक होते. त्या सकाळी चहा कमी घे आणि उपाशी जाऊ नकोस. फटका बसताना श्वास सोडायचा, धरायचा नाही. मी धरत होते, तिने शिकवलं. हात वर केला की थांबायचं असं आधीच ठरवून घे. मी तीनदा हात वर केला, ती तीनदा थांबली. तुझ्या दवाखान्यात मशीन चालवणारी मुलगी एवढ्यात रडता का म्हणाली होती, तेही मला नंतर कळलं, तिला सांग की डॉक्टर स्वतः करतील तर करीन. आपला रंग सावळा, त्याला मशीन हळूवर ठेवावं लागतं, आणि उन्हाने काळवंडलेल्या तोंडावर तर करूच नये. नंतर कोरफड लाव, गार पाण्याचा फडका ठेव. हळद नाही, बेसन नाही, वाफ नाही. मी घरी येऊन सवयीने हळदीच्या डब्याकडे हात नेला होता. आणि उन्हात स्कार्फ बांध. घरात आलीस की सोड.

पांढऱ्या केसांना लेसर धरत नाही. त्यामुळे माझे निम्मे तसेच राहणार. डॉक्टर म्हणाली, काकू, तुम्ही दहा वर्षं उशिरा आलात. मी म्हटलं, नाही, वेळेवर आले आहे.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. वैशाखात तू अमरावतीला दवाखान्यात एक रात्र होतीस. ऊन लागलं, असं तू मला फोनवर सांगितलंस. मी तुला कैरीचं पन्हं घे, जवळ कांदा ठेव, असं आठ दिवस सांगत राहिले आणि तू हो आई, हो आई म्हणत राहिलीस. भाद्रपदात अरीबाचा फोन आला. तुझ्या खोलीतली मुलगी आहे, तिला ते एकटीला मनात ठेववेना. लेसरच्या दुसऱ्या खेपेला दुखू नये म्हणून तू दुकानातून बधिर करायच्या मलमाच्या ट्यूबा आणल्यास, तोंडाला, गळ्याला, दोन्ही हातांना थापून वर प्लास्टिक गुंडाळलंस आणि दुपारभर तशीच बसलीस. मग जीभ जड झाली, कानात आवाज यायला लागला आणि तू न्हाणीच्या दारात पडलीस. हे सगळं मला तिने सांगितलं. तू दिवाळीनंतर पुन्हा जायचं म्हणतेस आणि या वेळी जास्त लावीन म्हणतेस, हेही तिनेच सांगितलं. आंटी, रागवली तर रागवू द्या माझ्यावर, म्हणाली, जिवंत तर राहील. तिच्यावर रागावू नकोस. अकोल्याच्या डॉक्टरला मी हे विचारलं तेव्हा ती मशीन खाली ठेवून माझ्यासमोर बसली. ते मलम जास्त जागेवर लावून झाकलं तर रक्तात उतरतं आणि हृदय थांबू शकतं, म्हणाली. लावायचं असेल तर डॉक्टर देतील तेवढंच, त्यांच्यासमोर, बोटाच्या पेराएवढं, फक्त हनुवटीला आणि ओठाला. घरी नाही, प्लास्टिक नाही. त्या ट्यूबा अरीबाकडे दे. तुझे बाबा गेल्यावर मी खूप काही सोसलं आणि पुढेही सोसेन, पण न्हाणीच्या दारात पडलेली तू, हे मला सोसवणार नाही. तुला केस काढायचे असतील तर काढ, मधेच सोडावंसं वाटलं तर सोड. फक्त किती दुखतं हे यापुढे मला सांग. मला आता कळतं. त्या दिवशी अकोल्याहून परत येताना बसमध्ये हनुवटीला गार फडका लावून मी पुढे काय करायचं ते ठरवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरून झाल्यावर मी अमरावतीला तुझ्या दवाखान्यात फोन केला आणि तुझ्या तारखेला, तुझ्या आधीचा नंबर माझ्या नावाने घेतला.

तुझीच,
आई