उजवीकडे वळायचं राहिलं

६ जाने.
बाबांना आज पुन्हा रिक्षात चढता आलं नाही. गुडघा वाकतच नाही. फुलपाडा नाक्यावरून तसेच परत वर घरी आलो. म्हणाले, "आता खाली उतरायचंच कशाला?" फार वाईट वाटलं. गाडी घ्यायचीच. लायसन्स आहे की! कपाटात, दागिन्यासारखं जपलेलं.

९ जाने.
शोरूमला फोन. टेस्ट ड्राइव्हला कधी येता, विचारलं. मी फोनच ठेवून दिला. बँकेत एवढी लोकांना दटावते आणि इथे साधी वेळ सांगता येईना.

सायकल शिकताना कुठे भीती वाटली होती? बाबा मिठागरावर कामाला, त्यामुळे शिकले बांधावरच. पडलं की खरचटलेले गुडघे मिठाने चरचरायचे. बाबा मागून धावत, "समोर बघ गो, पान्यात नको बघू." काय दिवस होते. आता तिथे टॉवर.

११ जाने., रवि.
गेले एकदाची. शोरूमच्या लोपीस मॅडम शेजारी. सिग्नलला म्हणाल्या, राइट घ्या. समोरून टँकर, बाइकवाले... मी लेफ्ट घेतलं. पुढच्या सिग्नललाही. डावीकडून डावीकडे करत चंदनसार फिरून परत शोरूमच्या दारात!

"मॅडम, राइटशी काय भांडण आहे का तुमचं?"

लाज वाटली, हसूही आलं. घरी एवढंच सांगितलं, गाडी चांगली आहे.

१४ जाने.
आज जाणार होते. नाही गेले. कारण: संक्रांत. (बँक चालू होती.)

१७ जाने.
लोपीस मॅडमच गाडी घेऊन बिल्डिंगखाली आल्या. बाबा मागच्या सीटवर आधी टेकले, मग पाय आत. चढायची भानगडच नाही. किती खूश! मिठागराची जागा बघू म्हणाले. स्टीअरिंगवर मी, राइट टाळत टाळत.

आचोळ्याच्या पुढे रस्ताच संपला. समोर बांधकामाचे पत्रे, डावीकडे गटार. फिरवायची तर उजवीकडूनच. मी ब्रेक दाबून तशीच बसले.

मागून बाबा, "थांब गो. मी उतरतो नि फिरवून देतो." हात दाराच्या कडीवर.

मग आठवलं. बांध एवढा अरुंद, सायकल वळायचीच नाही. टोकाला पोचलं की बाबा सायकल माझ्यासकट उचलून तोंड फिरवून द्यायचे. मी मजेत सीटवर. म्हणजे मी कधी वळलेच नव्हते. आणि आता यांना धड उभं राहता येत नाही, तरी उतरायला निघालेत. डोळे भरून आले.

म्हटलं, बाबा, बसा. मी बघते.

पुढेमागे, पुढेमागे. एकदा बंद पडली. पण फिरवली.

१८ जाने., रवि.
लोपीस मॅडमचा फोन, बुकिंग करायचं ना? संध्याकाळी सांगते म्हटलं. काल रिकामा रस्ता होता. सिग्नलवर जमेल?

बाबा सकाळपासून चपला घालून बसलेत. समजावलं, गाडी अजून आपली झालेली नाही. म्हणाले, "माहीत हाय. पन खाली जाऊन बसू या."