साडेसहाची चिठ्ठी

भुसावळ,
रविवार, १५ जून २०२५

चि. संघमित्रा हिला भाईदासमामाचा सप्रेम जयभीम.

इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, पण जिना चढायचं सोडत नाही, आणि बोललं तर माझ्यावरच ओरडते. कैरीचं लोणचं घातलंय. एक बरणी तुझ्या नावाने बाजूला काढली आहे. ब्रसेल्सला ती जाणार कशी, हे मात्र तुझ्या आईला, आमच्या बेबाबाईला, विचारू नकोस. तिचं म्हणणं, दादा एवढे केळीचे कंटेनर परदेशी धाडतो, एक बरणी धाडायला त्याच्या हाताला काय झालंय?

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. अगं, दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा लोणच्यावर बोललो आणि ठेवून दिला. आज कागदावर लिहून त्याचा फोटो तुला पाठवतो. मूळ कागद टपालाने येईल, तो जपून ठेव.

तुझा अहवाल मोबाईलवर मराठी करून वाचला. काही वाक्यं उलटीसुलटी झाली, पण मुद्दा कळला. माल नुसता ट्रकवर हजारो किलोमीटर न्यायचा नाही. जमेल तिथे रेल्वे, जमेल तिथे जहाज, आणि ट्रक फक्त दोन्ही टोकांना. त्यासाठी युरोपातली सरकारं नियम करतायत, सवलती देतायत, आणि कुठले नियम करावेत हे सांगणाऱ्यांत आपली पोरगी! एकतीस वर्षं रेल्वेत शंटिंग केलं मी, डबे इकडचे तिकडे ढकलले. त्याच्यावर तिकडे कोणी बैठका घेत असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. चौदाव्या पानावर, आता मी कामाला आहे त्या आमच्या कंटेनर यार्डाचं नाव बघून छाती फुगली. मग तेच पान पुन्हा वाचलं आणि जेवण गेलं नाही.

तू लिहिलंस की वर्षभरात केळीचे दोनशे तेरा थंड कंटेनर ट्रकवरून मालगाडीवर चढले, दोनशे बारा वेळा आतलं तापमान बरोबर साडेतेरा अंश. एकदाच बिघाड झाला, तोही ट्रकवाल्याच्या ताब्यात, आणि यार्डाच्या सुपरवायझरने तो पकडला. म्हणून रस्ता कमी करा, रेल्वे वाढवा.

तो सुपरवायझर मी. ट्रककडून कंटेनर ताब्यात घेताना वेळ आणि तापमान लिहून सही करायची, त्या ताबाचिठ्ठ्यांचे फोटो तुला पाठवणाराही मीच. "मामा, एवढी शिस्त इथेसुद्धा नाही," म्हणालीस तेव्हा मी हसलो होतो. तेव्हाच सांगायला हवं होतं.

आता सांगतो. सकाळी आल्यावर चहा पिता पिता मी चिठ्ठ्यांचं अख्खं पॅड सही करून ठेवतो. तापमानाच्या रकान्यात साडेतेरा आधीच लिहिलेलं. गाड्या कधीही येतात, माणसं तीन, कोण कुठे पळणार? ड्रायव्हर कंटेनर सोडून निघून जातो, चिठ्ठी दुसऱ्या दिवशी नेतो. सगळे एकमेकांवर भरवसा ठेवून. तुझे ते दोनशे बारा साडेतेरा मी कंटेनरच्या पडद्यावर बघून लिहिलेले नाहीत. बहुतेक खरे असतील. पण मी बघितले नाहीत.

उरली एक चिठ्ठी.

बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. फैजपूरचा अतिक केळीचा कंटेनर घेऊन आला, दुपारी पाऊणच्या सुमारास. निळा कंटेनर. त्याच्या गाडीचा जनरेटर सुटला की लगेच आमच्या यार्डातला प्लग लावायचा, नाहीतर आतली थंडी जाते. ऊन तर असं की पत्र्याला हात लावता येत नव्हता. आणि त्याच वेळी तुझा व्हिडिओ कॉल आला. तुमच्याकडे सकाळ होती, तुझे दहा-बारा सहकारी टेबलाभोवती बसलेले. तू त्यांना म्हणालीस, हे माझे मामा. मग मी काय कमी बोलतोय! शिस्त काय, पद्धत काय, अर्धा तास तोंड वर करून सांगत होतो. कॉल संपल्यावर तसाच तरंगत जेवायला गेलो. प्लग डोक्यातून साफ गेला.

साडेसहाला तिकडून जाताना दिसलं की पडदा काळा. धावत प्लग लावला, तर आकडा एकवीस. मग सही केलेली चिठ्ठी काढली. साडेतेरा खोडून एकवीस लिहिले. आणि ताब्याची वेळ लिहिली सायंकाळी साडेसहा.

आकडा खरा, वेळ खोटी. सहा तास मी अतिकच्या माथी मारले.

हिरवी धाडलेली केळी बंदरावर पिवळी निघाली, माल नाकारला. डिझेल वाचवायला जनरेटर बंद ठेवला म्हणून मालकाने अतिकला गाडीवरून काढलं. एकोणीस वर्षं गाडी चालवणारा माणूस. परवा यार्डात आला, मला वाटलं गचांडी धरतो. तर म्हणाला, "भाऊ, हमालीचं काही काम असेल तर सांगजा." चिठ्ठीवरची वेळ त्याने वाचलीही नसावी, त्याच्या मनात माझ्याबद्दल शंकासुद्धा नाही गं! माझी कधी चूक झाली असेल असं त्याला वाटतच नाही. मी म्हणालो, बघू.

सकाळी वंदना म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज बसतो. काल तुझ्या आईने विचारलं, "दादा, इथेच काय अडकतो रे तू?" तिला म्हणालो, कफ झालाय. म्हणजे तिथेही खोटंच.

तू त्या कॉलचं रेकॉर्डिंग केलं होतंस ना? ते बघ. माझ्या डाव्या खांद्यामागे निळा कंटेनर आहे, केबल खाली लोंबतेय. एकदा मागून अतिकचा आवाज येईल, "भाऊ, प्लग तेवढा लावून घेजा." मी त्याला हाताने जा म्हणतो. तू विचारतेस, "मामा, कोण आहे?" आणि मी म्हणतो, "कोणी नाही."

तेवढा तुकडा मला पाठव. त्यावर तारीख-वेळ असेल. अतिकला बाकी कशाचाच आधार नाही.

गुरुवारी तू हा अहवाल मोठ्या लोकांपुढे मांडणार आहेस, माहीत आहे. चौदावं पान काढ. माझ्यामुळे तुला मान खाली घालावी लागेल, याचं मला फार वाईट वाटतंय. पण तुझे नियम माझ्या खोट्यावर उभे राहायला नकोत. तुझं म्हणणं मला पटतंच, माल रेल्वेने जावा. फक्त एवढं लिही की माल ट्रकवर बिघडला नाही, रेल्वेवरही नाही. दोघांच्या मध्ये एक म्हातारा बढाया मारत उभा होता, तिथे बिघडला.

या पत्राची नक्कल उद्या ऑफिसात देतो. काढतील मला, काढू देत. तिथून फैजपूरला अतिककडे जाईन. त्याच्या दारात उभं राहून काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

आईला मी आजच सांगतो, तू फोनवर आधी बोलू नकोस.

सगळं लिहून, दोनदा वाचून, मगच खाली सही करतोय. वेळ सकाळी दहा वाजून वीस मिनिटं, घड्याळ बघून लिहिली आहे.

तुझा मामा,
भाईदास