टॉवेलांच्या कपाटातली गिटार

४ ऑक्टोबर, शनिवार
फिन्टनची गिटार आज बाहेर काढली. पुढच्या महिन्यात त्याला जाऊन वर्ष होतं, चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा आहे. नंतर सगळे घरी येणार, त्याचा दोस्त कॉर्मक फिडल वाजवणार आणि माझी नणंद अट्रॅक्टा याच गिटारवर साथ करणार.

फिन्टन गेला तेव्हा अट्रॅक्टा म्हणाली होती, भावाची गिटार मला दे, तुझ्याकडे तिचे हाल होतील. मी म्हटलं, फुलासारखी जपेन.

जपलीच आहे. आमच्या भिंतींना बाराही महिने घाम येतो. म्हणून गरम पाण्याच्या टाकीवरच्या कपाटात ठेवली, टॉवेलांमध्ये. कोरडं, उबदार. अट्रॅक्टाला सांगितलंय की गिटारची पेटी खोलीत आहे. पेटी खोलीतच आहे, रिकामी.

मोकळ्या तारा ट्यूनरवर बिनचूक. पण बोट वर वर सरकवलं की सूर चढत जातो. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या पडद्यावर, तर कुत्रं रडल्यासारखं. तारा जुन्या झाल्या असणार. किरकोळ काम.

७ ऑक्टोबर
लायब्ररीतून गिटारच्या देखभालीचं पुस्तक आणलं. माझी शाळा लहानपणीच सुटली, पण मी पुस्तकातून कुठलंही काम शिकते. कोंबडीचा आजार असाच ओळखला होता. कोंबडी मेली, पण निदान बरोबर होतं.

नव्या तारा चढवल्या. एक तुटून गालावर बसली. सूर अजून चढाच.

११ ऑक्टोबर
पुस्तकातली परीक्षा: बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून छेडायचं, मग दाबून छेडायचं. दोन्ही सूर एक यायला हवेत. दाबलेला चढा येतो. फार जोर लावला तरी असं होतं म्हणे. म्हणजे गिटार शाबूत, दोष माझ्या चादरी पिळणाऱ्या बोटांचा! केवढं हायसं वाटलं.

दुपारी हलक्या हाताने दाबून पाहिलं. चढाच.

१६ ऑक्टोबर
सापडलं. तारा दांडीपासून फार उंच आहेत. उंच तार दाबताना ताणली जाते, म्हणून सूर चढतो. ब्रिजमधली, म्हणजे तारांखालच्या लाकडी घोडीतली, हाडाची पट्टी काढून खालून घासायची. थोडी घासा, बसवून बघा, पुन्हा थोडी, असं पुस्तक सांगतं.

घासताना रेडिओवर आसपासच्या गावांतल्या मृत्यूच्या बातम्या लागल्या होत्या. कोण कुठल्या घरचं, अंत्यविधी कुठल्या चर्चमध्ये, हे ऐकल्याशिवाय उठता येत नाही. आज बरेच जण गेले. त्यामुळे पट्टी जास्त घासली गेली.

आता तारा फ्रेटला लागून घोंघावतात. पट्टीखाली दुधाच्या खोक्याचा तुकडा घातला. तात्पुरता.

१९ ऑक्टोबर
कॉर्मक चहाला आला. गिटार बघू दे म्हणाला. मी म्हटलं, ती आराम करतेय. तो म्हणाला, अगं नोरीन, गिटार आहे की गाभण गाय?

२५ ऑक्टोबर
पुस्तकाचं शेवटचं प्रकरण. उष्णतेने गोंद सुटतो, ब्रिज मागून उचलला जातो आणि पुढे झुकतो. तार आखूड होते, सूर चढतो. खालून कागद सरकवून पाहा. हाताशी पुस्तकात खूण म्हणून ठेवलेलं फिन्टनचं फोटोवालं स्मरणकार्ड होतं. सरकवलं. फिन्टन हनुवटीपर्यंत आत गेला आणि तिथून माझ्याकडे बघत राहिला.

‘गिटार चुलीपासून, हीटरपासून, गरम कपाटापासून दूर ठेवावी.’ हे पहिल्या पानावर नको होतं का? पुस्तक फार वाईट लिहिलंय.

उद्या अट्रॅक्टाला खरं सांगायचं. ठरलं.

२६ ऑक्टोबर
अट्रॅक्टाला सर्दी झालीय. आजारी माणसाला असलं सांगू नये.

३० ऑक्टोबर
सर्दी गेली. स्वतःच्या हातची ॲपल टार्ट घेऊन आली. आपली पोरगी काय म्हणतेय, असं गिटारबद्दल विचारलं. मजेत आहे म्हटलं. टार्ट घशाखाली उतरेना. दुसरा तुकडाही उतरला नाही, पण संपवला.

१ नोव्हेंबर
लाकडाचा गोंद आणला. दाबून धरायचा क्लॅम्प शेडमध्ये आहे. शेडमध्ये खिळ्याला फिन्टनचा कोटही आहे. दारातूनच परत आले. क्लॅम्पऐवजी ब्रिजवर बीन्सचे डबे रचले.

दगडासारखा बसलाय. दुरुस्त झालेल्या गोष्टीचं रडगाणं कशाला कुणाला सांगायचं? मग सांगत नाही. झोप मात्र लागत नाही. चहा कमी करायला हवा.

८ नोव्हेंबर, संध्याकाळ
मिस्सा छान झाली. स्वयंपाकघरात उभं राहायला जागा नव्हती. हॅमची सँडविचेस पुरली. अट्रॅक्टाने तारा सुरात लावल्या, कॉर्मकने रील धरली, नाचाची जलद धून. पहिलं आवर्तन सुरेख. मी मनात म्हटलं, बघा.

दुसऱ्या आवर्तनात ठो असा आवाज झाला आणि ब्रिज उडून ट्रायफलच्या पुडिंगमध्ये पडला.

कॉर्मक म्हणाला, फिन्टनने कधी एवढ्या जोरात रील संपवली नव्हती. कुणी हसलं नाही. अट्रॅक्टाने ब्रिजचं कस्टर्ड पुसलं, गोंद पाहिला आणि विचारलं, कुठे ठेवली होतीस गं?

खोलीत, असं म्हणायला तोंड उघडलं. निघालं, टाकीवरच्या कपाटात.

टॉवेलांबरोबर? अगं बाई, का?

म्हटलं, शेवटी शेवटी त्याचे हात किती गार पडायचे, तू पाहिलं आहेस.

ती उठली. माझ्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ दोघी त्या ट्रायफलकडे बघत होतो.

१० नोव्हेंबर
गिटार अट्रॅक्टाने दुरुस्तीला नेली. फोन आला. कारागीर म्हणतो, गोंद सगळीकडे लागलाय, फक्त ब्रिजखाली नाही. पण वाचेल. मग म्हणाली, नीट झाली की तुझ्याकडे पोचवते, ती तुझीच आहे.

वर्षभर हेच ऐकायचं होतं. आता ठणकावून हो म्हणायचं होतं. म्हटलं, नको, तूच ठेव.

ती म्हणाली, मग दर गुरुवारी ये, मी वाजवेन, तू ऐक. ऐकायला पुस्तक लागत नाही.

गुरुवारी जायचं. नुसतं बसायचं, हात मांडीवर ठेवून. एवढं जमेल.

तिच्या दाराची बिजागरी कुरकुरते, ते मात्र कुणीतरी बघायला हवं.