शेवटच्या खोलीतलं टोपण

विद्यार्थी वसतिगृह, खोली क्र. २४
गुरुवार, २२ एप्रिल १९९९

आदरणीय दाजींना,

चेतनचा वाकून नमस्कार. तुम्ही, शुभांगीताई आणि गोठ्यातली मंडळी सुखरूप असाल असं धरून चालतो. ताईची कंबर आता कशी आहे? (तिला म्हणावं, लिंबाची पाटी उचलायला घरात दोन धडधाकट माणसं आहेत, आणि त्यातले एक तुम्ही आहात.) बागेला पाणी पुरतंय ना? इकडे मी मजेत आहे. जेवण बरं, झोप चांगली, आणि वसतिगृहातली चोवीसच्या चोवीस खोल्यांतली मुलं आता मला नावाने ओळखतात. हे कसं घडलं, ते सविस्तर लिहितो.

माझा प्रबंध दहा मेपर्यंत द्यायचा आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. छत्तीस वाफ्यांतल्या कांद्याचे आकडे माझ्याकडे तयार आहेत, पण ती आकडेमोड करून देणारा प्रोग्रॅम विभागातल्या एकाच कॉम्प्युटरवर आहे आणि तिथल्या रांगेत माझा नंबर एक्केचाळिसावा. या गतीने माझा नंबर जूनच्या पेरणीला लागला असता. आणि दहा मे हुकला की पुढचं सहामाही सत्र परत इथेच. मात्र ज्याच्या खोलीत स्वतःचा कॉम्प्युटर आणि वसतिगृहाची वायर आहे, त्याला बसल्या जागेवरून विभागात आकडे पाठवता येतात. म्हणून तर मी तुमच्यामागे लागून नगरहून जुळणी केलेला तो कॉम्प्युटर आणवला. (येताना एसटीत मॉनिटर गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, बाळ झोपलंय का. दुसऱ्यांदा मी हो म्हणालो.)

कॉम्प्युटर खोलीत ठेवायला रेक्टर सरांची परवानगी लागते. तिच्या अर्जात इस्त्री, टेबलफॅन आणि शेगडी एवढ्याच तीन वस्तू छापल्या आहेत. सरांनी बराच विचार करून शेगडीवर खूण केली. त्यामुळे कागदोपत्री मी कांद्याचं संशोधन शेगडीवर करतो आहे. असो. मग गोरक्ष आला. हा कृषी अभियांत्रिकीचा मुलगा, आणि वसतिगृहाची वायर त्यानेच ओढलेली. ही वायर एकच आहे, दाजी. पहिल्या खोलीत सुरू होते, प्रत्येक कॉम्प्युटरला शिवत पुढे जाते आणि चोविसाव्या खोलीत, म्हणजे माझ्याकडे, संपते. शेवटच्या टोकाला करंगळीच्या पेराएवढं धातूचं टोपण बसवतात. गोरक्षने ते बसवलं, खोकल्यासारखं काहीतरी इंग्रजी नाव सांगितलं आणि तो गेला. मी म्हटलं, नाव काही का असेना, वस्तू ओळखीची आहे.

आता तुम्हीच सांगा. एक लांबलचक नळी, जागोजागी तोंडं, आणि शेवटच्या टोकाला टोपण. तुमच्या बागेत मी चार वर्षं सुट्ट्या काढल्या आहेत. दर रविवारी शेवटचं टोपण काढायचं, नळीतला गाळ वाहून जाऊ द्यायचा, मग टोपण लावायचं. नाहीतर तोट्या तुंबतात आणि झाडं वाळतात. हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही विसरायचो नाही. तेव्हा पहिल्याच रविवारी सकाळी मी टोपण काढलं. गाळ दिसला नाही. पण वायर बारीक, गाळही बारीक असणार. किती वेळ उघडं ठेवावं याचा अंदाज नव्हता, म्हणून आंघोळ आणि नाष्टा होईपर्यंत ठेवलं.

त्या दीड तासात वसतिगृहातल्या एकाही कॉम्प्युटरला दुसरा सापडेना. गोरक्ष शिडी घेऊन पहिल्या खोलीपासून वायर तपासत निघाला. माझ्यापर्यंत पोचला तेव्हा मी टोपण लावलेलं होतं आणि सगळं सुरळीत चालू होतं. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी त्याने चौकशी समिती नेमली आणि मला चिटणीस केलं, कारण माझं अक्षर चांगलं आणि माझ्या खोलीत कधीच बिघाड सापडत नव्हता. मी मनापासून काम केलं. अहवालात पहिलं कारण उंदीर लिहिलं, दुसरं शेजारच्या इमारतीची पायाभरणी.

चौथ्या रविवारी, म्हणजे परवाच्या अठरा तारखेला, गोरक्ष उलट्या टोकाकडून निघाला. तो खोलीत शिरला तेव्हा टोपण टेबलावर वाटीत होतं. (तोट्यांवर क्षार धरला की तुम्ही आम्लाचं पाणी सोडता. माझ्याकडे आम्ल कुठलं? पण ताईने पाठवलेली लिंबं होती.)

“हे काय आहे?”

“लिंबाचा रस.”

“अरे, वायरीतून पाणी वाहतं का रे गाढवा?”

शिडी धरायला आलेले शिपाई सहादूमामा वाटीत वाकून बघत म्हणाले, “आमी वासराला पाजतो तसलंच हाय की. वायरीला बी जंत व्हत्यात व्हय?” गोरक्ष भिंतीला टेकून खाली बसला.

टोपण कामातून गेलं होतं. दुसरं पुण्याहून मागवून कालच आलं. मधले तीन दिवस माझ्याबरोबर आणखी तेवीस जण विभागातल्या रांगेत उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. रेक्टर सरांनी मला बोलावलं. शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमचा प्रबंध कशावर आहे?” मी म्हटलं, “कांद्याचं ठिबक सिंचन, सर.” सरांनी माझा शेगडीचा अर्ज पुढे ओढला. “अभ्यास चांगला झालेला दिसतोय,” म्हणाले. आणि निकाल दिला: तूर्त माझी वायर काढून ठेवायची, आणि पुढच्या गुरुवारपर्यंत जबाबदार पालकाचं हमीपत्र आलं नाही, तर ती कायमची तेविसाव्या खोलीतच संपवायची.

बाकी सर्व क्षेम. ताईला नमस्कार.

आपला,
चेतन

ता. क. : हमीपत्र मीच तयार करून सोबत जोडलं आहे, तुम्हाला लिहायचा त्रास नको. “टोपण काढण्याचे संस्कार मुलावर माझ्याकडून झाले असून यापुढे होणार नाहीत” एवढाच मजकूर आहे. खाली सही करा आणि उलट टपाली पाठवा. बाबांना यातलं काही कळवू नये.

ता. क. २ : पाकीट बंद करतानाच सहादूमामा निरोप घेऊन आले की हमीपत्र आजच पाहिजे. तेव्हा दुसऱ्या प्रतीवर तुमची सही मीच करून दिली. सरांनी ती उजेडात धरून पाहिली आणि पालक वळणदार लिहितात असं म्हणाले. तासाभरात वायर जोडली गेली आणि पहिल्या बारा वाफ्यांचे आकडे विभागात पोचलेसुद्धा. त्यामुळे सोबतच्या हमीपत्रावर सही करू नका. सरांना गाय घ्यायची आहे, आणि तुम्ही काष्टीला गाई विकता हे मी बोलून गेलो. एक मेला शनिवार येतोय, ते काष्टीच्या बाजारात येणार आहेत आणि तुमच्याकडून व्यवहाराचा कागद करून घेणार आहेत. मी केलेल्या सहीचा नमुना मागच्या बाजूला दिला आहे. रोज एक पान गिरवा. ‘र’ची शेपटी लांब आहे, तेवढी सांभाळा.