वन्संना सांभाळणाऱ्यासाठी अटी

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिंपीण, विधवा, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. आमच्या घरात सध्या तसे ते एकच असल्याने त्याची किंमत मला चांगली ठाऊक आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकू शकणारी एकमेव व्यक्ती, म्हणजे माझी थोरली नणंद, तो कशासाठी टाकायचा हे विसरली आहे.

१. वन्सं मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मी घातलेली चादरीची घडी त्यांनी मोडून पुन्हा घातली, आणि पुढे वर्षानुवर्षे घालत राहिल्या. आता त्यांना स्मृतिभ्रंश झाला आहे. मी त्यांना कामाला ठेवलेली बाई वाटते, त्यामुळे माझ्याशी फार गोड वागतात. फक्त माझ्याच चहाड्या मला सांगतात. "आमची वहिनी भारी आतल्या गाठीची हो. तुम्हाला म्हणून सांगते." मी "हो का?" म्हणते. काही मुद्दे बरोबर असतात.

२. हे घर मी धाकट्या दिरांना देते. अट अशी की वन्सं अखेरपर्यंत इथेच, त्यांच्या खिडकीपाशी राहतील. पूर्वी भावोजी फिरकत नसत. फोनवर म्हणत, "वहिनी, मी पडलो हळवा. तिला अशी बघवत नाही मला." पहिल्या मसुद्यात मी त्यांच्या नावे एक काळा चष्मा लिहिला होता. तो खोडला आहे. त्याचे कारण असे.

गेल्या वर्षी मी मशीनवर बसल्या बसल्या चक्कर येऊन पडले. वन्संनी माझ्या डोक्याखाली उशी दिली आणि दारात जाऊन शेजारच्या औषधवाल्यांना हाका मारल्या, "अहो, आमच्या बाईंना बघा! त्यांच्याशिवाय आमचं पान हलत नाही!" मला सगळे ऐकू येत होते. इतके कौतुक या घरात पहिल्यांदाच झाले, आणि उठून बसायची ताकद नव्हती.

डॉक्टरांनी विचारले, "शेवटचं नीट कधी झोपलात?" मला आठवेना.

"घरात विसरणारं माणूस एकच पुरे," ते म्हणाले, आणि तिथूनच त्यांनी भावोजींना फोन लावला.

भावोजी दर बुधवारी दुपारी येऊ लागले. पहिल्याच दिवशी वन्संनी त्यांना नळ दुरुस्त करणारा समजून न्हाणीघरात नेले.

"ताई, मी तुझा भाऊ आहे गं!"

"असाल. आधी गळती बघा."

हळव्या माणसाच्या हाताला काम मिळाले. नळ झाला, मग दाराची कडी, मग पंखा. पैसे मागत नाही म्हणून वन्संना हा माणूस पसंत आहे. मी त्या दुपारी पोहायला शिकते. पाण्याखाली कोणाची हाक ऐकू येत नाही. अजून बुडते, पण मजेत.

३. वन्संना जो सांभाळेल, त्याने आठवड्यातून एक दुपार बाहेर काढलीच पाहिजे. "मला गरज नाही" म्हणणाऱ्याचा हक्क तत्काळ रद्द. मीही तसेच म्हणत होते.

४. बँकेतली शिल्लक वन्संच्या औषधपाण्याला आणि सोबतीला ठेवायच्या बाईला. तिच्यापुढे माझ्या चहाड्या झाल्यास तिने माझी बाजू घेऊ नये. वन्सं चिडतात.

५. शिलाई मशीन पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याला. कात्री नाही. त्याने माझी गिऱ्हाइके पळवली आहेत.

६. हे कलम आयत्या वेळी वाढवले. वकील मसुदा वाचत असताना वन्सं मन लावून ऐकत होत्या. मग त्यांनी विचारले, "या बाई गेल्यावर माझं काय, ते आलं. या आहेत तोवर यांचं काय, ते कुठंय?"

वकील म्हणाले, "मृत्युपत्रात जिवंतपणीचं घालत नाहीत, मॅडम."

"मग चुकीचा कागद आणलात. घ्या लिहून."

वकिलांनी पेन उघडले. वन्संनी सांगितले ते शब्दशः असे: "या बाईंनी आधी जेवून घ्यावं. गरम असताना, बसून. तोवर मी थांबेन."

साक्षीदार: शेजारचे औषधवाले (सही).
पोहायला शिकवणारी मुलगी (सही, ओल्या हाताने).

स्थळ: आमची पुढची खोली.
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यात आहे तो.

लिहून ठेवणार: वन्संची वहिनी (सही)