ताटावरचं नाव

प्रिय,

तुझं नाव न घालता पहिल्यांदाच पत्र लिहितेय. रागावू नकोस. डावा हात प्लास्टरमध्ये आहे, त्यामुळे कागद सारखा सरकतो.

तू मुंबईला विमानं झाडायला लागलीस आणि तिथलं भंगारात काढलेलं सामान मला मंठ्याला पाठवू लागलीस, तेव्हा ते मांडून ठेवायच्या माझ्या छंदाला सगळे हसले होते. ओकायच्या कागदी पिशव्या पाहून कडूबा दुकानदार म्हणाला होता, "बाई, बडीशेप भरायला बराबर हायेत." आता बाजाराच्या दिवशी त्याच पिशव्या, चमचे, खुर्च्यांचे पट्टे बघायला माझ्या शिवणवर्गात तिकीट काढून रांग लागते. त्या पैशावर नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाया उभ्या राहतात. तुझ्या वेळी असं काही नव्हतं. नवरा म्हणवणाऱ्या तातेरावानं तापलेल्या उलथन्यानं पाठ डागली आणि तू नेसत्या लुगड्यानिशी वाटूरहून पळालीस. कुठे आहेस ते फक्त मला आणि चंदाबाईला ठाऊक.

चंदाबाई तशी मायाळू. भांड्यांचं दुकान तिचं; कुणी देवळाला घागर दिली तरी नाव घातल्याशिवाय तिला चैन पडत नाही. मी जालन्याला गेले असताना तिनं विमानातल्या स्टीलच्या ताटावर मशीननं तुझं नाव घातलं, नवऱ्याच्या नावासकट, आणि खाली 'मुंबई विमानतळ, सप्रेम भेट'. "दानाला नाव न्हाई, मंग पुण्य कुणाला?" म्हणाली. मी ते पाहायच्या आत बाजार भरला आणि तातेराव तिकीट काढून आत आला.

ताट हातात धरून तो कितीतरी वेळ अक्षरं लावत होता. मग तेच ताट त्यानं माझ्या तोंडावर हाणलं. दात पडले. केस धरून भिंतीवर डोकं आपटलं, मनगट बुटाखाली रगडलं. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. "कुठल्या खोलीत ऱ्हाती? बोल, न्हाई तर मुडदा पाडतो." मी बोलले नाही. तेवढ्यात वर्गातल्या, कुणाकडे मान वर करून न बघणाऱ्या द्वारकाबाईनं खुर्चीचा पट्टा उचलला. जड बक्कल त्याच्या भुवईवर बसलं. परत बसलं. मग बाकीच्या बायाही तुटून पडल्या. फरशीवर त्याचं रक्त पाहून मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

पोलिसांनी नेताना तो ओरडत होता, "मुंबई काय इलायत न्हाई. गावतीच ती!" लवकरच जामिनावर सुटेल, असं वकील म्हणतात.

म्हणून हे पत्र टपालात न टाकता चंदाबाईच्या हाती देतेय. तिनं रडत रडत सगळ्या भांड्यांवरची नावं कानशीनं घासून काढलीत. खोली आजच सोड, कामाची जागाही बदल. सोबतचे पैसे तिकिटांच्या डब्यातले आहेत. मार खाल्लेल्या बाईसाठीच ते ठेवलेत, संकोच करू नकोस. आणि नवा पत्ता मला कळवू नकोस. सामान नको, पत्रही नको. या खेपेला मी बोलले नाही. पण दुसऱ्या हातावर त्याचा बूट पडला तर गप्प राहीन, याची मला खात्री नाही.

तुझीच